ऑरगॅनिक चादर आणि वणीचे मामा

तर झालं असं की, गेल्या मार्चमध्ये बायकोने जाहीर केलं, घरातल्या सगळ्या बेडशीट्स काढून टाकायच्या. सगळ्या म्हणजे सगळ्या. तिला मध्यरात्री घामाने जाग येत होती आणि मला त्या चादरींवर आलेले गोळे टोचत होते. (लग्नात आलेल्या किंगसाइझ चादरी होत्या त्या. कोणी दिल्या ते आठवत नाही, पण ज्यांनी दिल्या त्यांनाही त्या कोणीतरी दिलेल्या असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.)

आता सॉफ्टवेअरवाल्या माणसाला साधी चादर आणायला सांगितली की तो काय करतो? दुकानात जात नाही. एक्सेल उघडतो. एक अख्खा शनिवार घालवून मी चौदा कॉलमची शीट बनवली. थ्रेड काउंट, विणीचा प्रकार, लांबी, रुंदी, रेटिंग, परत घेतात का, वगैरे वगैरे. आणि शेवटी जी चादर घेतली ती या चौदा कॉलमपैकी एकाही कॉलममुळे घेतली नाही. 'शंभर टक्के ऑरगॅनिक कॉटन' या तीन-चार शब्दांमुळे घेतली. खाली लिहिलं होतं की ही चादर रसायनमुक्त आहे, त्वचेला सौम्य आहे, पाणी वाचवते आणि शेतकऱ्याला सुखी करते. किंमत ५,९९९ रुपये, दोन अभ्र्यांसकट. एवढं पुण्य एका क्लिकवर मिळत असेल तर कोण सोडेल?

पहिल्याच रात्री झोप मस्त लागली, हे प्रामाणिकपणे सांगतो.

पंधरा दिवसांनी मामा आले. माझ्या आईचे धाकटे भाऊ. वणीच्या पुढे त्यांचं गाव, दहा एकर कोरडवाहू, आणि त्यातल्या सात-आठ एकरात दरवर्षी पराटी. डोळ्यांच्या तपासणीसाठी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने आले होते. दुपारी त्या चादरीवर आडवे झाले, आणि झोपायच्या आधी कापसाच्या शेतकऱ्याने करावं तेच केलं. कापड चिमटीत धरलं, अंगठ्याने चोळून पाहिलं.

"कितीची हाय बे हे?"

मी नेहमीप्रमाणे खोटं बोललो. म्हटलं, असेल हजार-बाराशेची. (गावाकडच्या माणसाला पुण्यातले भाव सांगताना आपण सगळेच निम्म्यावर येतो. खोटं वाटत असेल तर आठवून बघा.) मग त्यांनी ते मातकट रंगाचं लेबल वाचलं. हिरवं पान, त्याखाली ऑरगॅनिक.

"म्हंजे सेंद्रिय ना? मंग कोन्या गावचा हाय कापूस?"

चौदा कॉलम होते हो माझ्याकडे. हा कॉलम नव्हता.

हा प्रश्न मामांनी सहज विचारला नव्हता, हे मला माहीत होतं. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा झाली, शेकडो शेतकरी आणि शेतमजूर दवाखान्यात गेले, वीसच्या आसपास माणसं दगावली. त्या वर्षी पराटी माणसाच्या डोक्याच्या वर वाढली होती. एरवी कमरेच्या खाली पडणारा फवारा तोंडासमोर उडत होता. दिवसभर तेच श्वासात, तेच डोळ्यांत, तेच घामाने भिजलेल्या शर्टातून अंगात. मामा स्वतः आठ दिवस दवाखान्यात होते. पहिले दोन दिवस त्यांना समोरचा माणूस नीट दिसत नव्हता. मी तेव्हा एका रिलीजमध्ये अडकलो होतो आणि फोनवर "काळजी घ्या" म्हणालो होतो. असो.

त्यानंतर मामांनी सेंद्रियचा नाद केला. एका गटात नाव घातलं. गावोगावच्या शेतकऱ्यांना एकत्र करून प्रमाणपत्र मिळवून देणारे असे गट असतात. तीन एकर सेंद्रियला काढले. निंबोळी अर्क, दशपर्णी, शेणखत, सगळं केलं. पण पहिली अडचण बियाण्याची. सेंद्रियमध्ये जनुक बदललेलं बियाणं चालत नाही. आपल्याकडे बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि आज देशातल्या कापसाच्या क्षेत्रापैकी नव्वद टक्क्यांहून जास्त क्षेत्र बीटीखाली आहे. कृषी सेवा केंद्रात बिगर-बीटी बियाणं मागितलं की दुकानदार वेड्यासारखं बघतो. ते कसंबसं मिळवलं, तरी बांधापलीकडे शेजाऱ्याची बीटी पराटी उभी. मधमाशीला बांध कळत नाही.

दुसरी अडचण अजून मजेशीर. रान सेंद्रिय म्हणून धरायला वेळ जावा लागतो. वर्षभराच्या पिकांसाठी पेरणीच्या आधी दोन वर्षं. म्हणजे दोन वर्षं सगळे नियम पाळायचे, उत्पन्न कमी घ्यायचं आणि माल विकायचा नेहमीच्याच भावाने. आपल्याला कोणी सांगितलं की दोन वर्षं कमी पगारावर काम कर, मग बघू दहा-वीस टक्के वाढ देता येते का, तर आपण किती दिवस थांबू? मी तर नोटीस पीरियडसुद्धा पूर्ण करत नाही.

मामा थांबले. आणि नेमके दोन वर्षं झाल्यावर, २०२१-२२ च्या हंगामात, बाजारात साध्या कापसाचा भाव दहा हजारांच्या वर गेला. गटाचा माणूस येऊन मोजमाप करून पैसे कधी देणार याचा पत्ता नाही, आणि खेडा खरेदीचा व्यापारी रोख पैसे घेऊन दारात उभा. मामांनी कापूस व्यापाऱ्याला दिला. त्यांचा तो पहिला खराखुरा सेंद्रिय कापूस बाकी सगळ्या कापसाच्या ढिगात मिसळून जिनिंगमध्ये गेला. पुढच्या वर्षी ते परत बीटीवर आले. म्हणजे कुठेतरी कोणीतरी अशा चादरीवर झोपलं असेल की जिच्यात थोडा सेंद्रिय कापूस होता आणि लेबलवर तसं लिहिलेलं नव्हतं. माझ्या चादरीचं बहुधा उलटं होतं.

पण त्याच्या आधी झोपेबद्दल. कारण माझी झोप खरंच सुधारली होती आणि ती कशामुळे, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना.

पहिली गोष्ट, कापूस सेंद्रिय असला काय आणि बीटी असला काय, धाग्यातलं सेल्युलोज तेच. दुसरी गोष्ट, शेतात मारलेलं कीटकनाशक चादरीतून आपल्या अंगाला लागतं ही जी भीती घातली जाते, तिच्यात फारसा दम नाही. बोंड फुटून कापूस वेचला जातो, सरकी निघते, सूत होतं, कापड होतं, मग ते कापड अल्कलीत उकळतात, ब्लीच करतात, रंगवतात, पुन्हा पुन्हा धुतात. एवढ्या सगळ्यातून शेतातलं औषध क्वचितच शिल्लक राहतं. आपल्या कातडीला जे लागतं ते गिरणीतलं असतं. सुरकुत्या न पडणाऱ्या चादरी मिळतात ना, ज्यांना इस्त्री लागत नाही? त्यांच्यावर एक रेझिन चढवलेलं असतं, ते कापसाचे रेणू एकमेकांना बांधून टाकतं. त्यातून थोडं फॉर्मल्डिहाइड सुटू शकतं. शिवाय बांधलेला कापूस घाम कमी शोषतो आणि लवकर विरतो. म्हणजे अंगाला खाज येत असेल तर 'इस्त्रीची गरज नाही' या वाक्याकडे आधी संशयाने बघा.

तिसरी गोष्ट थ्रेड काउंट. एका चौरस इंचातल्या उभ्या आणि आडव्या धाग्यांची बेरीज, एवढाच त्याचा अर्थ. आता एक इंचात किती धागे मावणार? साधे एकेरी धागे घेतले तर चारशेच्या पुढे जाणंच अवघड. मग हजार, बाराशे कुठून येतात? बारीक धाग्यांना पीळ देऊन एक धागा बनवायचा आणि मोजताना ते सगळे सुटे सुटे मोजायचे. (आमच्याकडे पूर्वी कोडच्या ओळी मोजून काम मोजायचे, त्याची आठवण झाली. ओळी वाढायच्या, प्रोग्राम तोच.) अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००५ सालीच म्हटलं होतं की असं मोजणं ग्राहकाची दिशाभूल करणारं ठरू शकतं. आकडे त्यानंतरही वाढतच राहिले.

खरा फरक पडतो तो विणीने. आमच्या जुन्या चादरी सॅटीन विणीच्या होत्या. चार धागे वरून, एक खालून. त्यामुळे चकाकी येते, हाताला गुळगुळीत लागतं, पण कापड घट्ट आणि उबदार होतं. वर त्यात निम्मं पॉलिस्टर, म्हणून ते गोळे. सुती धाग्याचा गोळा झाला तरी झडून जातो, पॉलिस्टर त्याला धरून ठेवतं. नवीन चादर होती पर्केल, म्हणजे साधी वीण. एक वर, एक खाली. हवा आरपार जाते. पुण्याच्या मार्चमध्ये माणसाला एवढंच हवं असतं. थोडक्यात, माझ्या झोपेचं श्रेय विणकराचं होतं आणि मी ते सेंद्रिय शेतीच्या खात्यावर जमा केलं होतं. हीच वीण साध्या कापसात दीड-दोन हजारात मिळाली असती.

बरं मग, पाणी? इथेही थोडी गंमत आहे. सेंद्रिय कापसाला ९१ टक्के कमी पाणी लागतं, असा आकडा सगळीकडे फिरतो. तो २०१४ सालच्या, टेक्स्टाइल एक्स्चेंज या संस्थेसाठी झालेल्या एका अभ्यासातून आलाय. त्यात मोजलं होतं ते नदी-विहिरीतून उपसलेलं पाणी. आणि ज्या शेतांवरून मोजलं त्यातली बरीचशी मुळातच पावसावरची होती. पाणी पावसाने वाचवलं, सेंद्रियने नव्हे. त्या हिशोबाने आमचे मामा बीटी लावून, फवारे मारूनसुद्धा जगातले मोठे पाणीबचतवाले आहेत, कारण त्यांच्या वावरात विहीरच नाही.

एका रविवारी मी ती चादर आणि दोन अभ्रे स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवले. (बायको म्हणाली, मामा गेल्यापासून तुझं काहीतरी बिघडलंय.) वजन भरलं एक किलोच्या थोडं वर. सूत काढताना आखूड तंतू गळतात, धूळ-कचरा जातो, म्हणजे साधारण १.३ किलो रुई लागली असणार. कापसातून रुई निघते एक तृतीयांश, बाकी सरकी. म्हणजे चार किलो कापूस. २०२५-२६ च्या हंगामाचा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. चार किलोचे झाले ३२४ रुपये.

५,९९९ पैकी ३२४. आणि सेंद्रिय म्हणून शेतकऱ्याला अगदी वीस टक्के जादा मिळाले असं धरलं, तरी ते ६५ रुपये.

हे मामांना फोनवर सांगितलं. आता खरी किंमत सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "पासष्ट रुपयासाठी कोनी पंप खाली ठेवत नाई रे. पन पासष्ट रुपये खरंच आले असते ना, तं मी ठेवला असता." आणि हसले. मला हसू आलं नाही.

ते पासष्ट रुपये तरी कोणाला पोचतात का, हे बघायला मी विक्रेत्याला मेल टाकला. लायसन्स नंबर काय, प्रमाणपत्र कोणाचं, एवढंच विचारलं. तीन दिवसांनी उत्तर आलं, आमचा सप्लायर सर्टिफाइड आहे, सोबत पीडीएफ जोडली आहे. पीडीएफमध्ये भलत्याच गिरणीचं नाव, माल 'विणलेले कपडे, टी-शर्ट', आणि मुदत आदल्या वर्षी संपलेली. आता कंपनीला सीएमएमआय लेव्हल फाइव्ह मिळालेलं असतं, म्हणून काल रात्री सोडलेलं बिल्ड कोणी टेस्ट केलं असा अर्थ होतो का? इथेही तसंच. गिरणीला मिळतं ते स्कोप सर्टिफिकेट. ही गिरणी नियमाने माल बनवू शकते, एवढंच ते सांगतं. अमुक गठाणी सेंद्रिय होत्या हे सांगायला प्रत्येक व्यवहाराचं वेगळं ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट लागतं.

आणि तेही बनावट असू शकतं! ग्लोबल ऑरगॅनिक टेक्स्टाइल स्टँडर्ड, म्हणजे गॉट्स, हे या क्षेत्रातलं सगळ्यात वजनदार नाव. ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांनी स्वतःच जाहीर केलं की भारतातला सुमारे २०,००० टन कापूस खोट्या कागदांवर सेंद्रिय म्हणून पुढे गेला. अकरा कंपन्यांवर बंदी घातली. कसं केलं होतं माहितीय? कागदावर क्यूआर कोड होता, तो स्कॅन केला की सरकारी संस्थेच्या वेबसाइटसारखी हुबेहूब दिसणारी नकली वेबसाइट उघडायची. फिशिंग! बँकेच्या नावाने येतं तेच, फक्त कापसाच्या गठाणींसाठी. वाचताना राग यायच्या ऐवजी मला क्षणभर त्या डेव्हलपरचं कौतुकच वाटलं, आणि मग त्याची लाज वाटली.

मग ऑरगॅनिक घेऊच नये का? माझं मत असं की घ्यावी, पण स्वतःच्या कातडीसाठी घेऊ नये. ज्याच्या अंगावर फवारा उडतो त्याच्यासाठी घ्यावी. हे कारण एकदा नीट ठरलं की खरेदीची पद्धतच बदलते. मऊपणा, थंडावा हे विणीवर आणि धाग्यावर सोडायचं, तिथे सेंद्रियचा संबंध नाही. आणि जादा पैसे मोजायचे ते फक्त तेव्हाच, जेव्हा ते कापसापर्यंत जातात हे कोणीतरी दाखवू शकतं. लेबलवर गॉट्सचं नुसतं चिन्ह असून चालत नाही. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचं नाव आणि लायसन्स नंबर असावा लागतो, तो त्यांच्या यादीत शोधता येतो. 'ऑरगॅनिक' लिहिलं असेल तर निदान ९५ टक्के तंतू सेंद्रिय, 'मेड विथ ऑरगॅनिक' असेल तर निदान ७० टक्के. ओएको-टेक्स हे वेगळं प्रकरण आहे. तयार कापडात घातक द्रव्यं नाहीत ना, एवढंच ते तपासतं. ते तुमच्या कातडीच्या उपयोगाचं आहे, मामांच्या नाही. नुसतं हिरवं पान असेल तर ते पान आहे.

फसवणूक होते म्हणून सगळंच थोतांड, असं म्हणणारे मित्र माझ्या टीममध्ये आहेत. त्यांचं मला पटत नाही. २०२० चा तो घोटाळा बाहेर आला तो कोणीतरी कागद तपासले म्हणूनच. ज्या कापसाला कागदच नाही, त्यात काय पकडणार? जगातल्या एकूण कापसात सेंद्रियचा वाटा जेमतेम एक-दोन टक्के आहे, आणि त्यातला सगळ्यात मोठा हिस्सा आपल्याच देशातला आहे. आपण विचारलं नाही तर कोण विचारणार? डेनमार्कचा ग्राहक?

आणि एक अडचणीची गोष्ट, जी चादर विकणारा कधीच सांगणार नाही. चादरी कमी घ्या. आमच्या त्या सगळ्या जुन्या चादरी बायको टाकणार होती, त्यातल्या दोन अस्सल सुती निघाल्या. वीण साधी, रंग भयानक. एकीचे अभ्रे झाले, दुसरी मी वापरतोय. आजीच्या घरी नऊवारी लुगडं आधी नेसायचे, मग त्याची गोधडी व्हायची, मग पायपुसणं. दहा-पंधरा वर्षं चालणारा कापूस दोन वर्षांत फेकल्या जाणाऱ्या सेंद्रिय चादरीपेक्षा जमिनीला स्वस्त पडतो, हे सांगायला कुठलंही सर्टिफिकेट लागू नये.

मामा यंदा दिवाळीनंतर पुन्हा आले, डोळ्याच्या दुसऱ्या तपासणीला. येताना एक पोतं घेऊन आले. ट्रॅव्हल्सवाल्याने त्याचे वेगळे शंभर रुपये घेतले. पोत्यात वणीच्या जिनिंगमधून सरकी काढून आणलेली सहा किलो रुई. बीटीचीच. "तुह्या त्या गादीत भर," म्हणाले, "दगडावानी झाली हाय."

आमच्या सोसायटीच्या मागच्या रस्त्यावर अजून एक गादी कारखाना आहे. एक मशीन, एक म्हातारा मालक आणि सगळीकडे उडणारा कापूस. जुनी गादी उसवून, पिंजून, त्यात ही रुई घालून द्यायला त्याने आठशे रुपये सांगितले. पोत्यात हात घालून त्याने एक पुंजका ओढला, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ताणून बघितला आणि मला विचारलं, "कुठल्या गावचा?"

या वेळी उत्तर देता आलं.